नापासाचे गुण आपोआप लाल: एक्सेलमधला नियम

गुणांचा रकाना निवडा, समजा सी२ ते सी६१. होम टॅबवर कंडिशनल फॉरमॅटिंग, मग हायलाइट सेल्स रूल्स, त्यात लेस दॅन. चौकटीत ३५ टाका, लाल रंग निवडा, ओके. ३४ लाल होईल, ३५ नाही.

रिकामे सेलही लाल होतात, कारण एक्सेल त्यांना शून्य धरतं. न्यू रूलमधून ‘ब्लँक्स’चा बिनरंगी नियम करा, मॅनेज रूल्समध्ये तो सगळ्यात वर ठेवा आणि स्टॉप इफ ट्रूवर टिक करा.

उलट, २८ गुण असून सेल पांढराच? आकडा डावीकडे चिकटलाय का बघा. बहुधा तो मजकूर म्हणून साठलाय, आणि एक्सेलच्या लेखी मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच! रकाना निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, फिनिश.