हॅमस्ट्रिंग फाटल्यावर या चुका टाळा

धावता धावता मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटतं, खेळाडू वळून बघतो तर मागे कुणीच नसतं. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, फाटल्याची ही ठरलेली खूण. गोव्यात भातकापणी उरकली की मोकळ्या शेतांत फुटबॉल रंगतो आणि अशा मांड्याही दिसू लागतात. दुखापत बरी होते, पण तीच मांडी पुन्हा जाते. कारण दुखणं आधी थांबतं आणि ताकद बरीच नंतर येते. मधल्या काळातच घोटाळा होतो.

एक चूक म्हणजे पहिले तीन दिवस चोळणं. घरी लगेच खोबरेल गरम होतं, नाहीतर फेणी लावून मांडी रगडली जाते. आत फाटलेल्या तंतूंतून रक्त झिरपत असताना शेक आणि रगडणं दोन्हींनी ते वाढतं. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं, दोन-तीन तासांनी एकदा, वर क्रेप बँडेज, आणि दारू बंद. मात्र आठवडाभर खाटेवर पडून राहणंही चूकच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून छोटी पावलं टाकत घरात चाला. लंगडावं लागत असेल तर कुबडी घ्या. लंगडत चालण्याची सवय लागली की ती मोडायला वेळ लागतो.

सगळ्याच दुखापतींना 'लचक' म्हणणं. थोडेच तंतू तुटले असतील तर एक ते तीन आठवडे, बरेच तुटले असतील तर चार ते आठ आठवडे, आणि स्नायू पूर्ण तुटला असेल तर तीन महिने किंवा जास्त लागतात. 'टप्' असा आवाज आला, पाऊल टाकता येत नाही, काळानिळा डाग गुडघ्यामागे उतरला, किंवा बसायच्या हाडाखाली बोटाला खड्डा लागतो, तर थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, हाडापासून सुटली असेल तर ती आखडून खाली सरकते आणि उशिरा केलेली शस्त्रक्रिया अवघड होते. शाळकरी मुलांमध्ये हाडाचा तुकडाच निघालेला असू शकतो, तिथे एक्स-रे हवाच.

आखडलंय म्हणून ताणणं. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. मांडी आखडलेली वाटते, कारण शरीर फाटलेल्या जागेला जपत असतं. वाकून पायाचे अंगठे धरायला गेलात की नुकतीच जुळू लागलेली कोवळी जागा पुन्हा उसवते. ताणण्याआधी स्नायूला काम द्या. पाठीवर झोपा, गुडघा थोडा वाकवा, टाच जमिनीत दाबा, 10 ते 20 सेकंद धरा, पाच वेळा. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ देऊ नका. हे सहज जमलं की दोन्ही पायांवर कंबर उचला, मग एका पायावर.

पुढचा टप्पा टाइल्सच्या फरशीवर घरीच होतो. टाचांखाली कोरडा फडका ठेवा, कंबर उचला आणि पाय हळूहळू पुढे सरकवत न्या. तीन ते चार सेकंद लागले पाहिजेत. परत येताना कंबर खाली टेकवा, मग पाय ओढा. सहा वेळा, तीन फेऱ्या. धावताना स्नायूला नेमकं हेच करावं लागतं, लांबत असताना भार धरायचा. टाच झपकन घसरली तर समजा की अजून वेळ आहे, आणि मागच्या व्यायामावर परत जा.

बसायच्या हाडाजवळ दुखत असेल तर स्कूटरची सीट किंवा लाकडी बाक तिथेच दाब देतो. लांब बसू नका, मधूनच उठून उभे राहा.

समुद्रकिनाऱ्यावर पहिली धाव. मिरामार किंवा कोलव्याची वाळू मऊ म्हणून बरी, हा समज चुकीचा. पाय रुततो, प्रत्येक पावलाला मागे रेटा जास्त द्यावा लागतो, आणि पाण्याजवळची घट्ट वाळू उतरती असते. सुरुवात सपाट मैदानावर करा.

जॉगिंग जमलं म्हणजे सामना खेळता येईल, असं मानणं. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि टेकण्याच्या क्षणापूर्वी मागचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत त्याला ब्रेक लावतो. वेग वाढला की हा भार झपाट्याने वाढतो. जॉगिंगमध्ये तो बराच कमी असतो, म्हणून ती परीक्षा ठरत नाही. 40 मीटरची पट्टी आखा: 15 मीटर वेग घेणं, 10 मीटर टिकवणं, 15 मीटर हळू होणं. आधी निम्म्या जोरात, मग 70, 80, 90 टक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं किंवा ताठर वाटलं तर त्याच पायरीवर थांबा. फिजिओला हा हिशेब रोज सांगा, त्यावरच पुढचा टप्पा ठरतो.

मैदानात उतरण्यापूर्वी तपासा: दाबल्यावर दुखत नाही, सरळ पाय दुसऱ्याइतकाच वर जातो, एका पायावर कंबर उचलण्याचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा आहे, आणि पूर्ण वेगात अनेकदा धावूनही मनात धाकधूक नाही. पुन्हा फाटण्याचा धोका परतल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. म्हणून आधी संघासोबत पूर्ण सराव करा, पहिल्या सामन्यात शेवटची 20 मिनिटंच खेळा. नॉर्डिक व्यायाम, म्हणजे साथीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकायचं, आठवड्यातून दोनदा चालूच ठेवा, पण सामन्याच्या आदल्या दिवशी नको.