लुका मॉड्रिच कसा पाहावा

कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघातून मी बरीच वर्षं मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत, खेळलो, आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच एवढा मोठा कशामुळे, असं ती विचारतात. मोबाइलवर त्यांना गोल दिसतात, आणि याचे गोल थोडे. त्यांना मी जसा बघायला लावतो, तसंच इथे सांगतो.

आधी हायलाइट्स बंद करा. पूर्ण सामना लावा आणि पंधरा मिनिटं चेंडू सोडून फक्त त्याच्यावर डोळा ठेवा. त्याची मान बघा. पास त्याच्याकडे येण्याआधीच तो दोन्ही खांद्यांवरून मागचं बघून घेतो. चेंडू पायाशी पोचतो तेव्हा पुढचं ठरलेलं असतं. म्हणूनच 172 सेंटिमीटर उंचीच्या या सडपातळ माणसाला धिप्पाड गडी धडकायला येईपर्यंत तो वळून निघून गेलेला असतो. मान किती वेळा वळली, तेवढ्या रेघा कागदावर मारा. रेघा मारताना डोळा आपोआप तयार होतो.

मग 12 एप्रिल 2022 चा रेआल माद्रिद-चेल्सी सामना घ्या, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेतला. त्याचा तेव्हाचा क्लब माद्रिद त्या सामन्यात तीन गोलांनी मागे, ऐंशीवं मिनिट. डावीकडून मॉड्रिच उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू उचलतो आणि तो वळण घेत थेट साथीदार रोद्रिगोच्या पायावर उतरतो. पास दहा वेळा बघा, पण अकराव्या वेळी पास द्यायच्या आधीचा मॉड्रिच बघा. तेव्हा तो 36 वर्षांचा होता.

स्वभाव बघायचा तर 1 जुलै 2018, विश्वचषकात क्रोएशियाकडून डेन्मार्कविरुद्ध. जादा वेळेत त्याच्याच सुरेख पासवर साथीदार रेबिच पुढे सुटला, पाडला गेला, पेनल्टी मिळाली. ती मॉड्रिचने मारली आणि डेन्मार्कचा गोलरक्षक श्मायकलने अडवली. चार-पाच मिनिटांत शूटआउट, म्हणजे पेनल्टींवर सामन्याचा निकाल. माझ्यासारखा असता तर मान खाली घालून मागे उभा राहिला असता. तो परत पुढे आला, त्याच गोलरक्षकासमोर उभा राहिला आणि गोल केला. माझ्या पोरांपैकी कुणाची पेनल्टी हुकली की मी दुसरं काही बोलत नाही, हा सामना लावतो. त्या विश्वचषकात क्रोएशिया अंतिम फेरीत गेला, सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल त्याला मिळाला, वर्षअखेरीस जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओरही.

त्याचं बालपण यानंतर वाचा. आधी वाचलंत तर खेळाऐवजी दुःखच बघत बसाल. वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी राहणारे त्याचे आजोबा, त्यांचंही नाव लुका, डिसेंबर 1991 मध्ये क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात मारले गेले. कुटुंब निर्वासित होऊन झादर शहरातल्या हॉटेलात राहिलं आणि हा तिथल्या पार्किंगमध्ये चेंडू मारत वाढला. हायदुक स्प्लिट या क्लबने अंगकाठी बघून नाकारला. 2012 मध्ये माद्रिदला आला, तेव्हा तिथल्या एका दैनिकाच्या वाचकांनी हंगामातली सर्वांत वाईट खरेदी ठरवला. तिथून निघाला तो 2025 मध्ये, सहा चॅम्पियन्स लीग जिंकून.

शेवटी 24 जून 2024, युरो स्पर्धा, जर्मनीतलं लाइपझिग, क्रोएशियाकडून इटलीविरुद्ध. मॉड्रिचची पेनल्टी इटलीचा गोलरक्षक दोन्नारुम्माने अडवली, आणि मिनिटभरातच मॉड्रिचने गोल केला. अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला इटलीने बरोबरी साधली, तेव्हा तो बाकावर होता. सामनावीराची ट्रॉफी हातात घेतलेला त्याचा फोटो शोधा आणि चेहरा बघा. तेव्हा तो 38 वर्षांचा होता.