पावसाळी टोमॅटो: पंप भरण्याआधी पान उलटून पाहा

जुन्नर, आंबेगाव, खेड पट्ट्यात टोमॅटो आता तार-काठीवर चढलाय. दोन दिवस आभाळ भरून राहिलं की औषधाच्या दुकानात गर्दी होते, आणि एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, वर टॉनिक असं सगळं एकाच पंपात जातं. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, ही सवय आधी सोडा. औषध मारायचं की नाही हे आपल्या प्लॉटमध्ये काय दिसतंय त्यावरून ठरवा.

आठवड्यातून दोनदा सकाळी प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध फिरा. पानं उलटा, उजेडात धरा. बारीक, पांढरी, वेडीवाकडी रेघ दिसली तर ती साधी नागअळी. झाड जोमात असेल तर खालची लागलेली पानं तोडली तरी बहुतेक वेळा भागतं. पण पानात फुगलेला, पापुद्र्यासारखा पारदर्शक डाग असेल आणि आत काळी विष्ठा दिसत असेल, तर ती टुटा. ही बाहेरून आलेली कीड. भारतात तिची पहिली नोंद २०१४ मध्ये पुणे परिसरातच झाली. ती पानाच्या आत बसून खाते, म्हणून वरवर पडलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पुढे देठाजवळून फळात शिरते. लागवडीपासूनच तिचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावा आणि रोजचे पतंग मोजून लिहून ठेवा. लागलेली पानं-फळं बांधावर फेकू नका, खोल पुरा. बांधावर टाकलं की पतंग परत तुमच्याच प्लॉटमध्ये येतात.

फळ पोखरणाऱ्या अळीसाठी दर १४-१६ ओळींमागे झेंडूची एक ओळ असली की मादी अंडी तिथे घालते. अळी लहान असतानाच एचएएनपीव्ही (या अळीला रोग लावून मारणारा विषाणू) संध्याकाळी फवारा, कारण उन्हात हा विषाणू टिकत नाही. ५ टक्के निंबोळी अर्क घरी होतो: ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडा साबण घालून एकूण १०० लिटर करा आणि त्याच दिवशी वापरा. पांढऱ्या माशीला पिवळे, फुलकिड्यांना निळे चिकट सापळे. व्हायरस लागलेलं झाड मात्र कुठल्याच औषधाने बरं होत नाही, ते सुरुवातीलाच उपटा.

एवढं करूनही मारावं लागलं, तर जीव सांभाळून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला. तिथे त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. आपला तारेवरचा टोमॅटोही तोंडाच्या उंचीवरच असतो, हे विसरू नका. वाऱ्याकडे पाठ करा, मागे सरकत फवारा.

सगळ्यात घातक क्षण बाटली उघडून औषध मोजतानाचा, कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेलं, तीव्र असतं. हातमोजे, चष्मा तेव्हापासूनच हवेत. हाताने ढवळू नका, काठी घ्या. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नका, जुना ब्रश ठेवा. पंप गळत असेल तर फवारणी थांबवा: पाठीवरून झिरपलेलं औषध कातडीतून अंगात जातं. शेजारी ऊस असेल तर त्यातल्या टू-फोर-डी या तणनाशकाचा पंप टोमॅटोला कधीच वापरू नका, धुतला तरी.

फवारताना घाम सुटला, लाळ गळायला लागली, नजर धूसर झाली, मळमळलं, तर कपडे काढून साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांना औषधाचं नाव कळलं की योग्य उतारा लवकर देता येतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

आता तोड्याचं. टोमॅटो तीन-चार दिवसांनी तोडावाच लागतो आणि लेबलवरचा प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस) कधीकधी त्याहून जास्त असतो. तो आधी वाचा, फवारणी तोड्यानंतर लगेच करा. पुढच्या तोड्यापर्यंत तो काळ संपत नसेल, तर तोडे चालू असेपर्यंत ते औषध आणूच नका. दुसरा पर्याय नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.