हरवलेला प्रसंग कसा शोधावा: 'द बिग बॉस'ची करवत आणि कापलेली इतर दृश्यं

ब्रूस लीचा 'द बिग बॉस' हाँगकाँगमध्ये ऑक्टोबर १९७१च्या अखेरीस लागला. चित्रीकरण थायलंडमधल्या पाक चोंगचं, दिग्दर्शक लो वेई, कंपनी गोल्डन हार्वेस्ट. त्यात बर्फाच्या कारखान्यात रात्रीची मारामारी आहे. या मारामारीत एका गुंडाच्या डोक्यात करवत रुतते, असा एक शॉट होता. त्याचं छायाचित्र वर्षानुवर्षं चाहत्यांमध्ये फिरतंय, पण नेहमी मिळणाऱ्या प्रतींमध्ये तो शॉट नाही. जुन्या कुंग-फू पटांच्या चाहत्यांना अशा गायब तुकड्यांचं वेड असतं. वेड चांगलं आहे, पण बहुतेक जण शोधाची सुरुवात व्हिडिओपासून करतात आणि तिथेच फसतात. आधी कागद, मग फिल्म, असा क्रम ठेवला तर निम्मी वणवण वाचते.

पहिली पायरी: प्रसंग नक्की कुठे हरवला ते ठरवा

'कापलेला सीन' या एका नावाखाली चार-पाच निराळे प्रकार मोडतात. काही प्रसंग पटकथेत होते, पण चित्रित झालेच नाहीत. काही चित्रित झाले आणि संकलनातच गळले. काही पहिल्या खेळांना दाखवले गेले आणि नंतर निघाले. काही एका देशाच्या सेन्सॉरने कापले, पण शेजारच्या देशात सुखरूप राहिले. शिवाय चित्रपटगृहाच्या ऑपरेटरने तुटलेली फिल्म जोडताना गमावलेल्या चौकटी असतातच.

हा फरक महत्त्वाचा का, तर त्यावरून शोधायची जागा ठरते. सेन्सॉरने कापलेलं दृश्य दुसऱ्या देशाच्या प्रतीत मिळू शकतं. संकलनात गळलेलं दृश्य कुठल्याही प्रतीत मिळणार नाही. ते मिळालं तर निर्मात्याच्या गोदामात, निगेटिव्ह किंवा रश प्रिंटच्या (संकलनाआधीच्या कच्च्या प्रतीच्या) डब्यातच.

हाँगकाँगच्या त्या काळातल्या चित्रपटांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे चित्रीकरण सहसा आवाजाविना व्हायचं आणि संवाद, ठोसे, किंकाळ्या सगळं नंतर डबिंगमध्ये भरलं जायचं. म्हणून डबिंगआधीच गळलेल्या प्रसंगाला आवाज कधी नव्हताच. कोणी तुम्हाला अशा प्रसंगाचा 'मूळ आवाजासह' तुकडा दाखवला, तर तिथेच भुवई उंचवा.

'गेम ऑफ डेथ' हे संकलनाबाहेर राहिलेल्या चित्रणाचं सगळ्यात मोठं उदाहरण. ब्रूस लीने १९७२च्या शरद ऋतूत त्यातल्या मनोऱ्यातल्या मारामाऱ्या चित्रित केल्या, मग 'एंटर द ड्रॅगन'साठी काम थांबवलं आणि २० जुलै १९७३ रोजी तो गेला. पुढे १९७८मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउजने वेगळीच कथा रचून चित्रपट पूर्ण केला आणि मूळ चित्रणातली जेमतेम ११ मिनिटं वापरली. मूळ कथेत नायकाबरोबर जेम्स टिएन आणि चिए युआन यांची दोन पात्रं मनोरा चढतात. नव्या कथेत या सोबत्यांना जागाच नव्हती, त्यामुळे ते ज्या शॉटमध्ये होते ते शॉट बाद झाले. सेन्सॉरचा यात काडीचा संबंध नाही. साहजिकच हे चित्रण परदेशी प्रतींमध्ये सापडण्याची शक्यता नव्हती. ते सापडलं गोल्डन हार्वेस्टच्याच साठ्यात, आणि २०००मध्ये 'ब्रूस ली: अ वॉरियर्स जर्नी' या माहितीपटातून लोकांपुढे आलं. आवाज नव्याने द्यावा लागला. शॉटचा क्रम लावायला लीची स्वतःची टिपणं कामी आली.

दुसरी पायरी: लांबी मोजा

३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे सुमारे २७.४ मीटर. सेन्सॉरच्या नोंदींमध्ये लांबी बहुधा फुटांत किंवा मीटरमध्ये असते. २,७४० मीटर म्हणजे साधारण १०० मिनिटं. दोन देशांच्या नोंदी शेजारी ठेवा. फरक २०० मीटरचा निघाला, तर सात मिनिटांहून जास्त चित्रपट कुठेतरी गळलाय.

व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडीच्या बाबतीत मात्र एक खोच आहे. पाल या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीत (ब्रिटनमध्ये हीच होती) चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी चालतो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता ९६ मिनिटांत संपतो. 'ब्रिटिश कॅसेटमध्ये चार मिनिटं कापली' असे कितीतरी दावे या साध्या गणिताने निकाली निघतात.

लांबीवरून प्रसंग पकडता येतो, शॉट नाही. दोन सेकंदांची करवत म्हणजे फक्त तीन फूट फिल्म. एवढा फरक कंपनीचं बोधचिन्ह बदललं तरी पडतो. अशा वेळी नजरेने तपासणं भाग आहे: संगीत मध्येच उडी मारतं का, हातातली वस्तू पुढच्या शॉटमध्ये नाहीशी होते का, पडलेला माणूस कशाने पडला ते दिसतं का.

लांबीच्या आधाराने लागलेला सर्वांत देखणा शोध कुंग-फू पटाचा नाही, जर्मन मूकपट 'मेट्रोपोलिस'चा आहे. ब्युनोस आयरिसमधल्या एका फिल्म क्लबच्या माणसाची तक्रार होती, की हा चित्रपट दाखवताना थरथरणारी फिल्म बोटाने दाबून दोन तासांहून जास्त वेळ उभं राहावं लागलं. ऐकणाऱ्या अभ्यासकाच्या डोक्यात लगेच घंटा वाजली, कारण तेव्हा जगाला माहीत असलेली आवृत्ती इतकी लांब नव्हती. पाठपुरावा बरीच वर्षं चालला. शेवटी २००८मध्ये त्याच शहरातल्या चित्रपट संग्रहालयात १६ मिमीची प्रत मिळाली आणि तिच्यात हरवलेली सुमारे २५ मिनिटं होती.

तिसरी पायरी: कागद वाचा

हाँगकाँगची जुनी वर्तमानपत्रं तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी स्कॅन करून मोफत खुली केली आहेत. 'कुंग शेउंग डेली न्यूज' आणि 'वा किउ यात पो' ही त्यातली महत्त्वाची दोन. शोध इंग्रजी नावाने घेऊ नका, काही हाती लागणार नाही. चित्रपटाचं नाव चिनी अक्षरांत उतरवून घ्या आणि तेच टाका. चिनी येत नसलं तरी जाहिरातीतली छायाचित्रं आणि खेळांच्या वेळा वाचता येतात. दोन खेळांमधलं अंतर पहिल्या आठवड्यात जास्त आणि पुढे कमी झालेलं दिसलं, तर प्रदर्शनानंतर कात्री चालली असावी असा कयास बांधता येतो.

हाँगकाँग फिल्म आर्काइव्ह साई वान हो भागात आहे. २००१मध्ये ते सुरू झालं. फिल्मबरोबर पटकथा, छायाचित्रं आणि चित्रपटगृहात वाटली जाणारी पत्रकंही तिथे जपली आहेत, आणि सूची घरबसल्या पाहता येते. पत्रकातला कथासार जरूर वाचा. तो बहुधा प्रदर्शनाआधी लिहिलेला असायचा, त्यामुळे नंतर गळलेले प्रसंग त्यात निवांत बसलेले असतात.

ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाची सूचीही पाहा. मंडळाचे प्रमुख जेम्स फर्मन यांना नानचाकूचं, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांच्या शस्त्राचं, भलतंच वावडं होतं. त्यामुळे तिथे 'एंटर द ड्रॅगन'मधली नानचाकूची दृश्यं कितीतरी वर्षं कापलेली राहिली, तेव्हा बाकी जग ती बघून घरोघरी स्वतःची डोकी फोडून घेत होतं.

भारतात प्रदर्शित झालेल्या परदेशी चित्रपटांनाही आपल्या सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यावं लागायचं. त्यावर लांबी, रिळांची संख्या आणि काटछाट लिहिलेली असते. अशा नोंदी भारताच्या राजपत्रातही छापल्या जात. मोठ्या ग्रंथालयांत त्या जुन्या अंकांवर धूळ साचलेली असते, पण एखादं वाक्य, 'अमुक रिळातला अमुक ठोसा काढला' अशा थाटाचं, पूर्ण दिवसाची भरपाई करून जातं. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे जाण्याआधी काय हवंय ते नेमकं लिहून कळवा. 'ब्रूस लीचं काही आहे का' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

चौथी पायरी: ट्रेलर आणि कमी रुंदीच्या फिल्म्स

ट्रेलर बरेचदा अंतिम संकलनाआधी तयार होतो, त्यामुळे चित्रपटात नसलेले शॉट त्यात राहून जातात. 'द बिग बॉस'च्या मूळ ट्रेलरमध्ये कापलेल्या भागांची अशी ओझरती झलक आहे. ट्रेलर चौकट-चौकट थांबवून पाहा आणि प्रत्येक शॉट चित्रपटात कुठे येतो त्याची वही करा. कंटाळवाणं काम आहे, पण एवढं खात्रीचं दुसरं नाही.

सत्तरच्या दशकात घरी बघण्यासाठी सुपर ८ फिल्मवर मारामाऱ्यांचे संक्षिप्त भाग विकले जात. ज्या प्रतीवरून ते बनले, ती नंतर कापली गेली असेल, तर मूळ तुकडा त्या छोट्या रिळात टिकलेला असू शकतो. जपानी लेझरडिस्कही (डीव्हीडीआधीच्या मोठ्या व्हिडिओ तबकड्या) सोडू नका. जॅकी चॅनच्या ऐंशीच्या दशकातल्या काही चित्रपटांच्या जपानी आवृत्त्या हाँगकाँगपेक्षा लांब आहेत.

पाचवी पायरी: कोणत्या भाषेची प्रत?

हाँगकाँगचे चित्रपट मँडरिन आणि कँटोनीज या दोन चिनी भाषांत निघत. 'द बिग बॉस'ला तीन वेगवेगळी पार्श्वसंगीतं आहेत: मूळ मँडरिन आवृत्तीचं वांग फू-लिंग यांचं, परदेशी आवृत्तीसाठी पीटर थॉमस यांचं आणि १९८३च्या कँटोनीज आवृत्तीचं जोसेफ कू यांचं. संगीत ओळखता आलं की प्रत कुठल्या घराण्यातली ते दोन मिनिटांत कळतं. जुन्या मँडरिन प्रतीला सगळ्यात आधी हात घाला, कारण नंतरच्या आवृत्त्या बहुतेकदा आधीच कापलेल्या साहित्यावरून निघालेल्या असतात. २०२३मध्ये ब्रिटनच्या ॲरो व्हिडिओने आणलेल्या संचात या चित्रपटाची अधिक लांबीची मँडरिन आवृत्ती आहे. शोधाला बसण्याआधी ती बघून घ्या, नाहीतर सापडलेलंच पुन्हा शोधत बसाल.

प्रती गेल्या कुठे? जिथे चिनी वस्ती होती तिथे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या चित्रपटगृहांतून जुन्या कँटोनीज चित्रपटांच्या प्रती हाँगकाँगला परतल्या आहेत. प्रत परत पाठवायचा खर्च वितरकाला नकोसा असायचा, म्हणून शेवटचा खेळ जिथे झाला तिथेच ती पडून राहायची. शोधताना हा शेवटचा थांबा डोळ्यांपुढे ठेवा.

सहावी पायरी: माणसांना विचारा, पण बेताने

ऑपरेटर, वितरकाच्या कचेरीतले लोक, फलक रंगवणारे यांच्याकडे सोनं असतं. 'तुम्ही करवतीचा सीन पाहिला का?' असं मात्र विचारू नका. पन्नास वर्षांनी प्रत्येक जण हो म्हणेल, कारण छायाचित्र सगळ्यांनीच पाहिलंय. 'त्या मारामारीत काय काय झालं ते सांगा' असं म्हणा आणि गप्प बसा. दोन अनोळखी माणसांनी एकच बारकावा आपणहून सांगितला तरच तो वहीत चढवा.

सातवी पायरी: तुकडा खरा आहे का?

ब्रूस लीच्या मृत्यूनंतर ब्रूस ली-सारख्या दिसणाऱ्या, ब्रूस ली-सारखीच नावं लावणाऱ्या नटांच्या चित्रपटांचं पेव फुटलं होतं. त्यातले तुकडे 'हरवलेला सीन' म्हणून आजही फिरतात. आता संगणकाने बनवलेल्या खोट्या चित्रफितींची भर पडली आहे. मागची भिंत, सावलीची दिशा, कपड्यांवरचा रक्ताचा डाग आधीच्या-नंतरच्या शॉटशी जुळतो का ते बघा. तुकडा देणारा मूळ स्रोत सांगायला टाळाटाळ करत असेल, तर विषय तिथेच संपवा.

हाती फिल्मचा डबा लागलाच तर

प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि एका फेरीत ती फाटते. झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकी फिल्म्सपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. चित्र गुलाबी पडलेलं दिसलं तर घाबरू नका. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रतींचा रंग असाच उतरतो, आणि प्रसंग दुर्मीळ असेल तर गुलाबी प्रतही मोलाची.

सुती हातमोजे घालून पहिले काही फूट उलगडा आणि कडेवरच्या खुणा वाचा. कोडॅकच्या फिल्मवर त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशा खुणांतून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. या खुणा २० वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून १९७१ची खूण १९५१चीही असू शकते. डब्यावरचं लेबल, जोडांच्या जागा, रिळांचे क्रमांक यांचे फोटो काढा.

मग हक्कदार कोण ते पाहा. गोल्डन हार्वेस्टचा जुना साठा आता फॉर्च्यून स्टार या कंपनीकडे आहे, हाँगकाँगच्याच शॉ ब्रदर्स या दुसऱ्या कंपनीचे ७६० चित्रपट २०००मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने घेतले आणि 'एंटर द ड्रॅगन' वॉर्नरचा. डबा तुमच्या मालकीचा असला तरी चित्रपटाचे हक्क तुमचे होत नाहीत, त्यामुळे परस्पर स्कॅन करून प्रसिद्ध करू नका. हाँगकाँग फिल्म आर्काइव्हला किंवा हक्कदार कंपनीला फोटो, मोजलेली लांबी आणि कडेच्या खुणांसह लिहा. नुसतं 'माझ्याकडे दुर्मीळ प्रत आहे' असं लिहिलेली पत्रं त्यांना रोज येत असणार. रीळ क्रमांक आणि फूट लिहिलेलं पत्र मात्र उघडून वाचलं जातं.