घरच्या लाकडी फर्निचरसाठी वॉटर-बेस्ड पॉलिश कसे निवडावे आणि कसे लावावे

पाडलेल्या वाड्यातून निघालेले जुने सागवान विकत घेऊन त्याचे जेवणाचे टेबल करून घेण्याची पद्धत आता शहरांतूनही रुळली आहे. रंधा मारून झाला, सांधे बसले, की शेवटी प्रश्न उरतो तो पॉलिशचा. लाखेचे स्पिरिट पॉलिश सुंदर दिसते, पण गरम चहाचा कप ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते. मेलामाइन आणि थिनरवर चालणारे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, टिकाऊ असले, तरी बंद फ्लॅटमध्ये त्यांचा उग्र वास कित्येक दिवस राहतो, आणि आम्लाने कडक होणाऱ्या मेलामाइनमधून फॉर्मल्डिहाइडही बाहेर पडतो. ज्या घरात माणसे राहत असताना काम करायचे आहे, तिथे वॉटर-बेस्ड, म्हणजे जलाधारित पॉलिश हा माझ्या मते पहिला पर्याय असायला हवा. मात्र दुकानात जाऊन डबा निवडणे ही शेवटची पायरी आहे. ती वस्तू रोज काय सोसणार आणि ती कोणत्या लाकडाची आहे, हे दोन निर्णय त्याआधी झाले पाहिजेत.

डबा उघडला की आत दुधासारखा पांढरा द्रव दिसतो, आणि तो पाहून अनेकजण धास्तावतात. पाण्यात राळेचे अतिसूक्ष्म कण तरंगत असल्यामुळे तो रंग येतो. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटतात, मिश्रणात थोड्या प्रमाणात असलेल्या द्रावकामुळे मऊ होऊन एकजीव होतात आणि पारदर्शक थर तयार होतो. पांढरेपणा काही मिनिटांत निघून जातो. हे द्रावक असतेच, त्यामुळे वास कमी असला तरी खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावे.

पहिली पायरी : वस्तूचा वापर ठरवणे

फोटोफ्रेम, पुस्तकांचे शेल्फ, भिंतीवरची मांडणी अशा कमी हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंना साधे अॅक्रिलिक पॉलिश पुरते. खुर्च्या, अभ्यासाचे टेबल, पलंग यांवर सतत घासणूक होते, म्हणून त्यांच्यासाठी पॉलियुरेथेन किंवा अॅक्रिलिक-पॉलियुरेथेन मिश्रण घ्यावे. जेवणाचे टेबल आणि स्वयंपाकघरातील दारे यांना तेल, हळद, आमटी आणि ओले फडके रोज सोसावे लागते, म्हणून तिथे टू-पॅक प्रकार, ज्याला दुकानदार ‘2के’ म्हणतात, तो उत्तम. यात हार्डनर वेगळा येतो. तो डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावा लागतो आणि मिसळल्यानंतर मिश्रण काही तासांतच संपवावे लागते, त्यामुळे लागेल तेवढेच कालवावे. अनेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, जे त्वचेला आणि फुप्फुसांना घातक आहे. म्हणून हातमोजे घालावेत, आणि असे पॉलिश घरी स्प्रेने न मारता ब्रशनेच लावावे.

देव्हाऱ्याचा विचार मी नेहमी वेगळा करतो. निरंजनाची धग, सांडलेले तेल, कुंकू आणि काजळी हे सगळे एका छोट्या जागेत एकवटते, म्हणून आतला तळ टू-पॅकने करावा आणि समईखाली ताम्हण ठेवावे. बाल्कनीतला झोपाळा असेल, तर डब्यावर ‘एक्स्टेरियर’ लिहिलेले आहे का ते पाहावे. त्यात अतिनील किरणे अडवणारे घटक असतात, तर घरातल्या वापरासाठीचे पॉलिश उन्हात तडकून पापुद्रे सोडते. पोळपाट आणि भाजी चिरण्याची फळी यांवर मात्र कोणताही थर देऊ नये, कारण सुरीने तो खरवडला जाऊन अन्नात येतो.

एवढे सगळे केले तरी गॅसवरून उतरवलेला कुकर थेट टेबलावर ठेवता येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. आडणी लागतेच.

दुसरी पायरी : लाकूड ओळखणे

वॉटर-बेस्ड पॉलिश जवळजवळ रंगहीन असते आणि पुढे पिवळेही पडत नाही. पाइनसारख्या फिकट लाकडाला हा गुण मानवतो. सागवानाला मात्र तो तसाच मानवत नाही. तेलाने किंवा लाखेने सागवानात जी मधाळ झाक येते, ती इथे येत नाही. लाकूड थोडे कोरडे आणि फिके दिसते. गडद शिसमावर तर किंचित निळसर छटाही जाणवते. यावर आपल्याकडचा जुना उपाय लागू पडतो, तो म्हणजे खाली लाखेचा एक पातळ हात. पाव लिटर स्पिरिटमध्ये साधारण तीस ग्रॅम चपडा, म्हणजे पापुद्र्यांच्या रूपातली लाख, विरघळवून तीन-चार दिवस काचेच्या बाटलीत स्थिर ठेवावा. मेण तळाशी बसते, आणि वरचा नितळ द्रव हलक्या हाताने ओतून घेता येतो. मेण काढणे आवश्यकच आहे, कारण मेण असलेल्या लाखेवर पाण्याचे पॉलिश नीट धरत नाही. हा हात उष्ण रंग देतो, सागवानातले नैसर्गिक तेल अडवतो आणि बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडातून वर येणारे तपकिरी डागही थोपवतो. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ते याच टॅनिनमुळे.

शिसमाबाबत एक जमेची बाजूही सांगायला हवी. त्यातील काही द्रव्ये तेलाच्या व्हार्निशला वाळू देत नाहीत. वॉटर-बेस्ड पॉलिशचे वाळणे मुख्यतः पाणी उडण्यावर अवलंबून असल्याने तिथे ही अडचण येत नाही.

जुन्या फर्निचरवर काम करायचे असेल, तर आधी कोपऱ्यात लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवावा. थर चिकट झाला तर ती लाख आहे. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने विरघळला, तर लॅकर समजावे, आणि दोन्हींना दाद न देणारा थर बहुधा मेलामाइन किंवा पीयू असतो. थर घट्ट असेल तर तो 220 नंबरच्या पॉलिश पेपरने मंद करून, साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर मेणविरहित लाखेचा एक हात द्यावा आणि मग पुढे जावे.

तिसरी पायरी : किती घ्यायचे

पाच फूट बाय तीन फूट टेबलाचा वरचा पृष्ठभाग पंधरा चौरस फूट होतो. खालची बाजूही तेवढीच, आणि तिलाही थर द्यावाच, नाहीतर दोन्ही बाजू दमटपणा वेगवेगळ्या वेगाने शोषतात आणि फळी वाकते. पाय आणि चौकट मिळून वीस धरले तर एकूण पन्नास, आणि तीन हातांचे दीडशे चौरस फूट. एक लिटरमध्ये एका हाताला साधारण शंभर चौरस फूट होतात, म्हणजे दीड लिटर लागेल. त्याबरोबर त्याच लाकडाचा एक उरलेला तुकडा हाताशी ठेवावा आणि सगळे आधी त्याच्यावर करून पाहावे.

चौथी पायरी : घासाई

पॉलिशचे खरे यश या पायरीवर ठरते. आधी 120, मग 180, मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावे. पाणी लागले की लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात, आणि पहिल्या हातानंतर पृष्ठभाग खरखरीत होतो तो यामुळे. म्हणून हे तंतू आधीच उभे करून घ्यावेत : स्वच्छ फडके भिजवून, घट्ट पिळून संपूर्ण लाकूड पुसावे, रात्रभर वाळू द्यावे आणि सकाळी 320 नंबरने, अगदी हलक्या हाताने, उभे राहिलेले केसच तेवढे कापावेत. जोर लावला तर खालचे नवे तंतू उघडे पडतात. लाखेचा हात द्यायचा असल्यास तो यानंतर द्यावा.

यात लोखंडी तारेचा काथ्या, म्हणजे स्टील वूल, वापरू नये. मी एकदा सागवानी स्टुलाच्या फळीवर तो फिरवला होता. पुसून फळी स्वच्छ दिसली, म्हणून पॉलिश लावले. दुसऱ्या दिवशी रेषांच्या खाचांत मोहरीहून बारीक काळे ठिपके उमटलेले होते, आणि प्रत्येकाभोवती निळसर-काळी कडा होती. खाचांत अडकलेले लोखंडाचे कण पाण्याने गंजले होते आणि लाकडातल्या टॅनिनशी मिळून त्यांची शाई झाली होती. ती फळी पुन्हा रंध्याखाली घालावी लागली. हातांदरम्यान घासायचे असल्यास बारीक पॉलिश पेपर किंवा नायलॉनचा पॅड वापरावा.

पाचवी पायरी : हात देणे

डबा हलवू नये, कारण बुडबुडे होतात आणि ते थरात तसेच राहतात. काठीने तळापासून सावकाश ढवळावे. मॅट आणि सॅटिन प्रकारात चमक कमी करणारी पूड तळाशी बसते, ती नीट न मिसळल्यास टेबलाचा एक भाग चकचकीत आणि दुसरा मंद दिसतो. ब्रश नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या केसांचा घ्यावा. नैसर्गिक केस पाण्याने फुगून फताडे होतात. भरपूर भिजवलेला ब्रश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता न्यावा, ओली कड राखत पुढचा पट्टा जोडावा, आणि मागे वळून सुटलेली जागा भरण्याचा मोह टाळावा. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरला की ओरखडे पडतात. सुटलेली जागा पुढच्या हातात भरून निघते.

दोन हातांमध्ये साधारण दोन ते चार तास द्यावेत, पण घड्याळापेक्षा पॉलिश पेपरवर विश्वास ठेवावा. 320 ने घासल्यावर पांढरी कोरडी पूड निघाली तर पुढे जावे, पेपरला गोळे चिकटले तर थांबावे. तीन हात पुरतात, टेबलाच्या वरच्या बाजूला चौथा द्यावा.

हवेचा अंदाज इथे निर्णायक ठरतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये पाणी उडायलाच जागा नसते, थर दिवसभर चिकट राहतो. शक्य असल्यास हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढावे. विदर्भात मे महिन्यात नेमके उलट होते : ब्रश पुढे सरकण्याआधीच कड वाळते आणि जोडाचे पट्टे दिसतात. तिथे पहाटे काम करावे. पंखा थेट वस्तूवर लावू नये, त्याने धूळ बसते आणि वरची साय आधी धरते.

ब्रश लगेच साबणाच्या पाण्याने धुवावा. उरलेले पॉलिश मोरीत न ओतता वर्तमानपत्रावर पसरून, वाळल्यावर कचऱ्यात टाकावे. शिल्लक ठेवायचे असेल तर प्लास्टिकच्या डब्यात ठेवावे. पत्र्याचा डबा आतून गंजतो.

हाताला कोरडे लागणे आणि थर पूर्ण कडक होणे यांत तीन-चार आठवड्यांचे अंतर असते. दोन दिवसांनी टेबलावर जेवता येते, पण सांडलेले लगेच पुसावे आणि महिनाभर जड वस्तू एका जागी ठेवू नये. नव्या टेबलावर जपणूक म्हणून जे पारदर्शक प्लास्टिक अंथरले जाते, ते तर नंतरही टाळावे. त्याला मऊपणा देणारी द्रव्ये हळूहळू पॉलिशमध्ये उतरतात, थर मऊ पडतो आणि एके दिवशी ते प्लास्टिक उचलताना पॉलिश त्याच्याबरोबर निघून येते. सुती टेबलक्लॉथ चालतो, मात्र तो कोरडा असावा.