उतारवयातला मधुमेह: गावाकडच्या घरांनी या चुका टाळा

‘आता वय झालं’ हे वाक्य मधुमेहाच्या चांगलंच पथ्यावर पडतं. खूप तहान आणि वारंवार लघवी ही पुस्तकातली लक्षणं म्हाताऱ्या माणसांत ठळक दिसतीलच असं नाही. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते आणि रक्तातली साखर बरीच वाढेपर्यंत ती लघवीत उतरत नाही. त्यामुळे विनाकारण घटलेलं वजन, न हटणारा थकवा, अंधूक दिसणं, जांघेतली वरचेवर उठणारी खाज, चिघळत राहिलेली जखम, रात्री लघवीला उठताना गेलेला तोल यांतलं काहीही दिसलं तरी रक्त तपासून घ्या. उपाशीपोटी साखर 126 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी या रक्ततपासणीत 6.5 टक्के किंवा अधिक आकडा आला तर तो मधुमेह धरतात. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून आकडा खाली आणण्यात काही हशील नाही. एचबीएवनसीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतोच.

साखर वाढण्याची धास्ती सगळ्यांना असते, उतरण्याची फारशी कुणाला नसते. माझ्या मते घरात आधी शिकायला हवं ते हेच. सकाळी गोळी घेतली, शेतातलं काम लांबलं, जेवण राहिलं, एवढ्यावर साखर कोसळू शकते. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनी हा धोका जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनने क्वचित. घाम, थरथर, धडधड ही ओळखीची चिन्हं वयस्करांत कधी दिसतच नाहीत. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, लटपटतो, आणि घरचे म्हणतात, ‘उन्हानं झालं असेल, पडू दे जरा.’ असं झोपू देऊ नका. घरी साखर मोजायच्या मीटरवर 70 च्या खाली आकडा असेल, किंवा मीटरच नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर जेवू घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. गोळीमुळे साखर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून सावरल्यावरही डॉक्टरांना कळवायचंच.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी बाटली आणि सिरिंज एकाच मापाची आहे ना, हे दर वेळी पाहावं. एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असलेली बाटली आणि 40 युनिटच्या मापाची सिरिंज अशी गल्लत झाली तर डोस अडीचपट जातो. घरात फ्रीज नसेल तर वापरात असलेली बाटली सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे चालते. कडक उन्हाळ्यात ती पिशवीत नीट बांधून ओलसर मडक्यात ठेवा. बर्फात मात्र नको, एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

पायांची गोष्ट वेगळी, कारण तिथे दुखतच नाही. नसा बधिर झाल्यावर काटा रुतलेला, चप्पल चावलेली कळत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा समज पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. शेतातून आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज बघा. वाकता येत नसेल किंवा दिसत नसेल तर दुसऱ्याने बघाव्यात. अनवाणी चालू नका, चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. बधिर पाय शेकण्यासाठी गरम पाण्यात बुडवणं आणि कुरूप ब्लेडनं कापणं, दोन्ही घरचे उपाय घातक. फोड, काळपट डाग किंवा पाणी येणारी जखम दिसली तर लेप लावून वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

बोटाला गोडाचा अंश असला की मीटर खोटा आकडा दाखवतो. हात धुऊन, कोरडे करून मगच सुई टोचा.

ताप किंवा उलट्या-जुलाबात ‘पोटात अन्नच नाही’ म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नका. आजारपणात न खाताही साखर चढते. डोस किती ठेवायचा आणि मेटफॉर्मिन थांबवायचं का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा.