दशांश गुणाकारात पॉइंट तिथंच का येतो?

नियम बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या मुलांना पाठ असतो: पॉइंट विसरून गुणाकार करा, दोन्ही संख्यांतली पॉइंटनंतरची घरं मोजा, उत्तरात उजवीकडून तितकी घरं सोडून पॉइंट द्या. ‘का?’ विचारलं की वर्ग गप्प होतो. उत्तर छेदात आहे, आणि ते मुलांना सांगायलाच हवं.

1.25 × 2.4 घ्या, म्हणजेच 125/100 × 24/10; छेद 100 आणि 10. पॉइंट काढला की 1.25 चे 125 होतात, म्हणजे 100 पट, 2.4 चे 24, म्हणजे 10 पट. साहजिकच 125 × 24 = 3000 हे खऱ्या उत्तराच्या 1000 पट झालं. 1000 नं भागा; पॉइंट तीन घरं डावीकडे येतो: 3.000, म्हणजे 3. 100 ची दोन शून्यं आणि 10 चं एक, म्हणून तीन घरं.

मार्क जातात ते याच ठिकाणी. काही मुलं 3000 ची शून्यं आधीच खोडतात, मग उरलेल्या 3 ला तीन घरं देऊन 0.003 लिहितात. आधी पॉइंट, मग शून्यं खोडणं. पॉइंटाखाली पॉइंट मांडायची सवय बेरजेची. गुणाकारात त्याची गरज नाही.

0.3 × 0.2 चौकटीच्या कागदावर दाखवा. 10 बाय 10 घरांचा चौरस म्हणजे 1. आडव्या 3 ओळी रंगवा, उभ्या 2 ओळींवर रेघोट्या मारा. दोन्ही खुणा 6 घरांवर पडतात, 100 पैकी 6: 0.06. अंक एकच, घरं दोन, म्हणून 6 च्या आधी शून्य. 0.6 लिहिणाऱ्याला एवढंच विचारा: 0.2 म्हणजे पाचवा हिस्सा; 0.3 चा पाचवा हिस्सा 0.3 पेक्षा मोठा कसा?

कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर मात्र जपून. तिथं एकर, गुंठे, आणे यांच्यामधलं टिंब दशांशाचं नव्हे; एकराचे गुंठे 40, गुंठ्याचे आणे 16. 2 एकर 20 गुंठे म्हणजे 2.5 एकर. एकरी 1.2 टन गांडूळखत घालायचं तर 25 × 12 = 300, घरं दोन, 3.00 टन. 2.20 धरून गुणलं तर 2.64 टन येतात आणि रानाला 360 किलो खत कमी पडतं.